‘टेंपल ऑफ डूम’वर तेव्हा काय लिहिले गेले? ‘इंडियाना जोन्स’च्या चाहत्यांमधील जुना वाद

मुनिरका (नवी दिल्ली) : जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारी असलेल्या मुनिरका गावठाणातील भाड्याच्या खोल्यांमध्ये महाराष्ट्रातून आलेले अनेक विद्यार्थी राहतात. रात्री उशिरा चहाच्या टपरीवर रंगणाऱ्या त्यांच्या गप्पांत राजकारणाखालोखाल सिनेमाचा क्रमांक लागतो, आणि सिनेमात ‘इंडियाना जोन्स’ मालिकेचा विषय निघाला की वाद ठरलेला. हा वाद चित्रपट चांगले की वाईट एवढ्यापुरता नसतो. चित्रपट प्रथम प्रदर्शित झाले तेव्हा समीक्षकांनी नेमके काय म्हटले होते, हा खरा तंट्याचा मुद्दा आहे.

एका गटाचे म्हणणे असे, की ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) हा पहिला चित्रपट एकमुखाने डोक्यावर घेतला गेला आणि भारतात घडणारा ‘टेंपल ऑफ डूम’ (१९८४) एकमुखाने झोडपला गेला. दुसऱ्या गटाच्या मते ही दोन्ही विधाने मागाहून रूढ झाली. तत्कालीन परीक्षणे पाहिली तर दुसऱ्या गटाची बाजू अधिक भक्कम दिसते.

‘न्यूयॉर्कर’च्या पॉलिन केल या त्या काळातील अमेरिकेतील सर्वांत प्रभावी समीक्षकांपैकी एक. ‘रेडर्स’ त्यांना भावला नव्हता. श्वास घेण्यास उसंत न देणारी त्याची धावपळ त्यांना यांत्रिक वाटली. तीन वर्षांनी ‘टेंपल ऑफ डूम’ मात्र त्यांना मनापासून आवडला. त्यातील वेगात त्यांना विनोदबुद्धी दिसली. ‘शिकागो सन-टाइम्स’चे रॉजर एबर्ट यांनी दोन्ही चित्रपटांना पूर्ण चार तारे दिले होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे व्हिन्सेंट कॅन्बी पहिल्या चित्रपटावर बेहद्द खूश होते, दुसऱ्याबाबत काहीसे हात राखून. म्हणजे सर्वांत मोठ्या तीन नावांतही एकमत नव्हते. ‘रेडर्स’ला पुढे ऑस्करची आठ नामांकने मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. या मानमरातबामुळे पहिल्या आठवड्यातील नापसंतीचे सूर विस्मरणात गेले असावेत.

वादात हमखास पुढे केला जाणारा पुरावा म्हणजे ‘रॉटन टोमॅटोज’ची टक्केवारी. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. हे संकेतस्थळ १९९८ मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या चित्रपटांसमोर दिसणारा आकडा जुन्या परीक्षणांबरोबरच अनेक वर्षांनी लिहिलेल्या परीक्षणांचाही असतो. १९८४ च्या मे महिन्यात समीक्षकांचे मत काय होते, याचे उत्तर त्या आकड्यातून मिळत नाही. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रेच चाळावी लागतात, आणि एवढे कष्ट चहाच्या टपरीवर कोणी घेत नाही.

‘टेंपल ऑफ डूम’ २३ मे १९८४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. तेथील आरंभीच्या टीकेचा मोठा भाग हिंसाचारावर होता. जिवंत माणसाच्या छातीतून हृदय उपसून काढण्याचे दृश्य आणि खाणीत चाबकाखाली राबणारी मुले, हे सारे पालकांच्या सल्ल्याने मुलांना दाखवता येईल अशा ‘पीजी’ प्रमाणपत्रावर चालत होते. जूनमध्ये आलेल्या ‘ग्रेमलिन्स’ने त्यात भर घातली. त्या चित्रपटाचे कार्यकारी निर्माते असलेले दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीच मधल्या श्रेणीची सूचना केली आणि १ जुलै १९८४ पासून ‘पीजी-१३’ ही श्रेणी अस्तित्वात आली. टीकेचा एवढा ठोस परिणाम क्वचितच होतो. गल्ल्यावर मात्र तिचा परिणाम झाला नाही. जगभरात चित्रपटाने सुमारे ३३ कोटी डॉलर मिळवले आणि दृश्य परिणामांसाठीचे ऑस्करही पटकावले.

भारतातील आक्षेप वेगळा होता आणि तो चित्रीकरणाआधीच सुरू झाला होता. राजस्थानात चित्रीकरण करण्याचा निर्मात्यांचा बेत होता. संहिता वाचल्यावर भारत सरकारने बदल सुचवले, ‘महाराजा’ या शब्दालाही हरकत घेतली आणि अंतिम संकलनावर अधिकार मागितला. निर्मात्यांनी ते मानले नाही. १९८३ च्या एप्रिलमध्ये श्रीलंकेत कँडीच्या परिसरात चित्रीकरण सुरू झाले. राजवाडा आणि देवालयाचे अंतर्भाग लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत उभे राहिले. तयार चित्रपटावर भारतात काही काळ बंदी होती.

हरकतीची कारणे चित्रपट पाहणाऱ्या कोणालाही सहज सांगता येतील. पंकोटच्या राजवाड्यातील मेजवानीत पाहुण्यांपुढे जिवंत सापांची पिल्ले, किडे, डोळ्यांचे सूप आणि माकडाचा थिजवलेला मेंदू येतो. कालीची उपासना म्हणजे नरबळी, असे चित्र उभे राहते. शेवटी सुटका करायला ब्रिटिशांची पलटण धावून येते, तीही १९३५ साली, म्हणजे सविनय कायदेभंगाच्या चळवळीनंतर. ठगांचा इतिहासही सोयीने वापरलेला आहे. विल्यम स्लीमन याची ठगविरोधी मोहीम १८३० च्या दशकातली. त्या नोंदींमधले ठग वाटसरूंना रुमालाने गळा आवळून मारत. हृदय उपसण्याचा प्रकार त्यांत नाही.

या रागाला परंपरा आहे, आणि ती मुंबईची आहे. चित्रपटातील ठग, काली आणि ब्रिटिश पलटण हा सारा ऐवज ‘गंगा दीन’ या १९३९ च्या हॉलिवूडपटाकडून आलेला आहे. त्याआधी १९३८ मध्ये ‘द ड्रम’ या ब्रिटिश चित्रपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली होती. ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे मराठी संपादक बाबूराव पटेल यांनी अशा भारतविरोधी चित्रपटांविरुद्ध सातत्याने आघाडी उघडली आणि ‘गंगा दीन’वर मुंबई व बंगाल प्रांतांत बंदी आली. परकी चित्रपटातील भारताचे चित्रण हा समीक्षेचा विषय आहे, हे बाबूरावांच्या मासिकाने स्वातंत्र्यापूर्वीच ठरवून टाकले होते. ‘१९८४ मध्ये भारतीयांनी उगाच कांगावा केला’ असे म्हणणाऱ्या चाहत्यांना हा संदर्भ बहुधा ठाऊक नसतो.

चित्रपटात काम केलेल्या भारतीय नटांनी आपापली बाजू मांडली आहे. दिवाण चत्तर लाल रंगवणारे रोशन सेठ यांनी दोनच वर्षांपूर्वी रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’मध्ये पंडित नेहरूंची भूमिका केली होती. मेजवानीचा प्रसंग म्हणजे भारतीयांनी पाश्चात्त्यांची केलेली थट्टा होती. तुम्हाला आम्ही जे खातो असे वाटते तेच घ्या, असा तिचा रोख होता, असे सेठ यांचे म्हणणे. थट्टा असेलही, पण पडद्यावर ती पोहोचत नाही.

खलनायक मोला राम साकारणारे अमरीश पुरी यांना हा गदारोळ अनाठायी वाटला. ती निव्वळ कल्पित कथा असल्याचे त्यांनी आत्मचरित्रात म्हटले आहे. पुरी मूळचे पंजाबचे, पण नट म्हणून ते घडले मुंबईच्या रंगभूमीवर, सत्यदेव दुबे यांच्या तालमीत. विजय तेंडुलकरांच्या नाटकावर दुबे यांनी केलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) या मराठी चित्रपटात ते होते, आणि तेंडुलकरांनीच पटकथा लिहिलेल्या ‘निशांत’मधला (१९७५) जमीनदारही त्यांनीच उभा केला. मराठी प्रेक्षकाला मोला राममध्ये तो जमीनदार ओळखू येतो. गढवालमध्ये मोला राम याच नावाचा नामांकित चित्रकार अठराव्या शतकात होऊन गेला, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते.

मालिकेच्या पुढच्या चित्रपटांबाबत वाद थोडक्यात आटोपतो. १९८९ चा ‘लास्ट क्रुसेड’ सर्वांना मान्य आहे. ‘टेंपल ऑफ डूम’ फारच अंधारा आणि भयानक झाला, असे स्वतः स्पीलबर्ग तेव्हा म्हणाले होते. २००८ चा ‘किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल’ हा उलटा दाखला आहे : कान महोत्सवातील पहिल्या खेळानंतर समीक्षकांचा कौल बहुतांशी अनुकूल होता, चाहत्यांनीच तो नाकारला. सोव्हिएत हेरांच्या चित्रणावरून सेंट पीटर्सबर्गच्या कम्युनिस्टांनीही बंदीची मागणी केली होती. ‘डायल ऑफ डेस्टिनी’ १८ मे २०२३ रोजी कानमध्येच प्रथम दाखवला गेला. तेथून आलेली परीक्षणे थंड होती, जूनअखेरीस प्रदर्शनाच्या सुमारास ती बरीच सुधारली. तरीही सुमारे ३० कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ३८ कोटींच्या आसपासच गल्ला जमवला. महिनाभर आधी महोत्सवात दाखवण्याची घाई नडली, की ऐंशी वर्षांच्या हॅरिसन फोर्डला पाहायला तरुण प्रेक्षक आलाच नाही, यावर मुनिरक्यात अजून दोन तट आहेत.

‘टेंपल ऑफ डूम’मधील एका तपशिलावर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे. चित्रपटातील मायापूर हे उत्तर भारतातील खेडे. पण तेथील गावकरी बोलतात ती भाषा हिंदी नाही, भारतातली दुसरी कोणतीही नाही. ती सिंहली आहे.