सार्वजनिक बँकांमधील संगणकीकरण, स्वेच्छानिवृत्ती आणि नफा : एक ऐतिहासिक मागोवा

१९ जुलै १९६९ रोजी चौदा व्यापारी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतरच्या शाखाविस्ताराबरोबर नोकरभरतीही वेगाने वाढली. लेजरमधील नोंदी, व्याजाची आकडेमोड व ताळा जुळविणे ही सर्व कामे हातानेच होत असल्याने मनुष्यबळाची ती गरज खरीच होती.

संगणकाचा प्रवेश वाटाघाटींतून झाला. १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन व कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी मर्यादित स्वरूपाचा करार झाला. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील दोन समित्यांनी पुढील दिशा दिली आणि १९९३ च्या करारानंतर वाट बरीच मोकळी झाली. रोजगार जाईल ही संघटनांची भीती त्या काळी प्रतिगामी ठरविली गेली. पुढील घटना पाहता ती निराधार म्हणता येत नाही.

१९९८ च्या दुसऱ्या नरसिंहम समितीने जादा कर्मचाऱ्यांचा प्रश्न मांडला. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली. १५ वर्षे सेवा किंवा ४० वर्षे वय पूर्ण झालेल्यांना ती खुली होती. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचा पगार किंवा उर्वरित सेवेचा पगार, यांपैकी कमी ती रक्कम मिळणार होती. सुमारे १ लाख कर्मचारी बाहेर पडले.

सार्वजनिक बँकांचा निव्वळ नफा २०००-०१ मधील सुमारे ४,३०० कोटी रुपयांवरून २००३-०४ मध्ये सुमारे १६,५०० कोटींवर गेला. ही वाढ कर्मचारीकपातीचे व संगणकाचे फळ मानण्याचा मोह होतो. परंतु कालक्रम त्यास साथ देत नाही. स्वेच्छानिवृत्तीची भरपाई पाच वर्षांत विभागून खर्ची टाकण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती. म्हणजे तिचा भार याच वर्षांवर पडत होता. कोअर बँकिंग तर तेव्हा बाल्यावस्थेत होते. भारतीय स्टेट बँकेच्या सर्व शाखा त्यात यावयास २००८ उजाडले. खरा हातभार व्याजदरांतील घसरणीचा. दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांवरील परतावा सुमारे ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास आला, जुन्या रोख्यांच्या किमती वाढल्या आणि त्यांच्या विक्रीतून बँकांना भरघोस लाभ झाला.

दरम्यान अनुभवी अधिकाऱ्यांची उणीव शाखांना जाणवू लागली होती. २००८ च्या सुमारास याच बँका पुन्हा हजारोंच्या संख्येने भरती करू लागल्या.

पुढे २०१६ मध्ये यूपीआय आले. तरीही २०१७-१८ मध्ये भारतीय स्टेट बँकेस ६,५४७ कोटींचा तोटा झाला, आणि त्याचे प्रमुख कारण थकीत कर्जांसाठी करावी लागलेली तरतूद हे होते.