आगोट ते सीमोल्लंघन : महाराष्ट्रातील प्रवासाचे जुने पंचांग

आगगाडी येण्यापूर्वीच्या महाराष्ट्रात प्रवासाला कधी निघावे हा प्रश्न मुहूर्ताचा होता त्याहून अधिक पावसाचा होता, आणि तो पाऊस सगळीकडे सारखा नव्हता. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे सह्याद्रीला अडून वर चढतात आणि आपला बहुतेक भार किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर रिता करतात. त्यामुळे कोकणात वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरच्या माथ्यावर तो साडेपाच हजारांच्याही पुढे जातो, आणि त्याच माथ्यावरून जेमतेम तीस किलोमीटर पूर्वेला वाईत उतरले की हजाराच्या आत येतो. त्याही पलीकडे फलटण-माणच्या बाजूला पाचशेच्या आसपास पावसावर शेतकऱ्याला वर्ष काढावे लागते. डोंगराआड पडल्यामुळे पावसाला मुकणाऱ्या या मुलखाला भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. समुद्र, घाट आणि देश या तीन पट्ट्यांची हवा अशी वेगळी असल्याने त्यांच्या वाटाही वेगवेगळ्या वेळी बंद होत आणि उघडत, आणि आज केवळ धार्मिक वाटणारे कितीतरी सणवार या उघडझापीशी बांधलेले होते.

सर्वांत आधी बंद होई तो समुद्र. पावसाच्या तोंडावरच्या दिवसांना कोकणात आगोट म्हणतात. आगोटीच्या आत घरात मीठ-मिरची-सुक्या मासळीची बेगमी करायची, तशीच मचवे, पडाव आणि गलबते किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारायची, ही किनाऱ्याची रीत होती. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरच ती पुन्हा पाण्यात जात. दूरच्या व्यापाऱ्यांचा हिशेब मात्र थोडा निराळा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात चौल आणि कल्याण ही बंदरे सेमिल्ला आणि कॅलिएना या नावांनी येतात, आणि हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजांनी इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघावे असे त्यात सांगितले आहे. म्हणजे जो वारा कोकणातल्या नावाड्याला घरी बसवी, त्याच वाऱ्यावर स्वार होऊन परदेशी जहाज महासागर ओलांडी, आणि त्याचा जोर ओसरता ओसरता या किनाऱ्याला लागे. परतीला हिवाळ्यातले ईशान्य वारे असत. ऋतूसाठी असलेला अरबी ‘मौसिम’ हा शब्द याच दर्यावर्दी व्यवहारातून पसरला, आणि मराठीतला ‘मोसम’ व इंग्रजांमार्फत परतलेला ‘मान्सून’ ही त्याचीच दोन रूपे होत.

समुद्रामागून घाट बंद होत. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्यात भटकंती थांबवून एका जागी राहावे असा नियम होता, त्याला वर्षावास म्हणत. आणि कार्ले, भाजे, जुन्नर येथील लेणी कोकणातून देशावर चढणाऱ्या व्यापारी वाटांच्या आसपासच कोरलेली आहेत, हा योगायोग मानता येत नाही. तेथील शिलालेखांत पाण्याच्या खोदीव टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. दात्यांनी पोढ्यांसाठी पैसे मोजावे आणि ते दगडात नोंदवून ठेवावे, इतके या टाक्यांचे मोल होते, कारण पावसात अंगावर कोसळणारे पाणी उन्हाळ्यात त्याच घाटात वाटसरूला मिळत नसे. हिंदू परंपरेतला चातुर्मासही, म्हणजे आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचा काळ, संन्याशाला एकाच ठिकाणी बसवतो. देशावरची काळी जमीन भिजली की बैलाचे खूर रुतत, पूल नसलेल्या नद्या सांगडीवरून किंवा भोपळ्यांच्या तराफ्यावरून ओलांडाव्या लागत, आणि धान्य-मीठ वाहणारे लमाणांचे तांडे थांबत. अशा काळात लग्नाचे मुहूर्तही नसावेत, यात वऱ्हाडाची सोयच होती.

या पंचांगावर राज्य कसे चालवले गेले, हे मराठ्यांच्या लष्करी व्यवहारात सर्वांत स्पष्ट दिसते. ‘छावणी’ हा शब्द ‘छावणे’, म्हणजे छप्पर घालणे, या क्रियापदापासून आला. लष्कराने पावसाळ्यापुरती गवताची छपरे घालून राहणे हा त्याचा मूळ अर्थ. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या फौजेचे वर्ष वर्णिले आहे : पावसाळ्याचे चार महिने छावणी, तेथे दाणागोटा, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे तयार, दसरा झाला की कूच, निघताना प्रत्येकाच्या मालमत्तेची यादी, आठ महिने परमुलखात, आणि पावसाआधी पुन्हा घरी.

या व्यवस्थेची नाजूक बाजू दाखवणारे शिवछत्रपतींचे एक पत्र त्यांच्या राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतले आहे. चिपळूणच्या परिसरात छावणीस असलेल्या पागेच्या अंमलदारांना ते लिहिलेले असून, साठवलेला दाणा आणि वैरण आताच मनमानी उधळली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग लोक रयतेच्या दाण्यावर, लाकडावर, भाजीवर हात टाकतील, अशी ताकीद त्यात दिली आहे. पत्र तेवढ्यावर थांबत नाही. कोणी आगट्या करील, कोणी विस्तव घेऊन हिंडेल, रात्री जळता ठेवलेला दिवा उंदीर वातीसकट ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि सगळा पावसाळा हातचा जाईल, असे एकेक बारीक भय त्यात मोजून दाखवले आहे. बाहेरून नवी वैरण आणण्याची वाट चार महिने बंद असेल तेव्हा एका उंदराने ओढलेली वात अख्ख्या घोडदळाला पुरी पडते, हे ओळखणारी नजर त्या काळच्या राज्यकर्त्यांत विरळाच म्हटली पाहिजे.

दसऱ्याचे सीमोल्लंघन, म्हणजे गावाची शीव ओलांडून आपट्याचे सोने लुटणे, हा या छावणीचा शेवट होता. दख्खनच्या नद्या डोंगरातल्या पावसावर वाहतात आणि पाऊस हटला की लवकर उतरतात, म्हणून दसऱ्याचा दिवस येथे नेमका बसे. उत्तरेत तो तसा बसत नव्हता. सदाशिवरावभाऊंची फौज 1760 च्या मार्चमध्ये परतूरहून निघाली आणि पावसाळ्यात यमुनेच्या काठी आली तेव्हा पलीकडे अब्दाली आणि मध्ये दुथडी नदी अशी स्थिती झाली. ऑगस्टमध्ये दिल्ली आणि ऑक्टोबरच्या मध्यास कुंजपुरा हाती आला, दसराही तेथेच झाला. पण हिमालयातून येणारी नदी अजून भरलेली असताना, दसऱ्यानंतर आठवड्याभरातच अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला. पुढचे अडीच महिने पानिपतात उपासमारीचे आणि दक्षिणी लोकांना अनोळखी अशा थंडीचे गेले. 14 जानेवारी 1761 च्या पराभवाची कारणे रसद, मित्र आणि युद्धरीती यांतही शोधावी लागतात हे खरे. तरी दख्खनच्या ऋतुमानावर घडलेली फौज दुसऱ्याच ऋतुमानात सापडली होती, ही गोष्ट त्या कारणांच्या खाली सतत जाणवत राहते.

या सर्व नियमांना आषाढी वारी अपवाद वाटते, कारण ज्येष्ठ वद्यात आळंदी-देहूहून निघणाऱ्या पालख्या ऐन पावसातच चालतात. आळंदीच्या पालखीच्या वाटेकडे पाहिले म्हणजे कोडे सुटते. दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस असे जाताना वारकरी प्रत्येक मुक्कामागणिक घाटमाथ्याचा पाऊस मागे टाकत पर्जन्यछायेत शिरतो. पंढरपूरचा मोठा पाऊस सप्टेंबरचा. शिवाय ज्या एकादशीला तो पोचतो त्याच दिवशी चातुर्मास बसतो, म्हणजे वारी ही बंद काळातली यात्रा नसून दार मिटण्यापूर्वीची शेवटची यात्रा आहे. कोकणातला शेतकरी मात्र तेव्हा गुडघाभर चिखलात भाताची लावणी करीत असतो, आणि त्याला कार्तिकीच सोयीची पडते.

इंग्रजांनीही हेच पट्टे वापरले. 1828 मध्ये महाबळेश्वरला वसाहत वसल्यावर मुंबई सरकारचा उन्हाळा तेथे, पावसाळा पुण्यात आणि हिवाळा मुंबईत, अशी गव्हर्नरांची घडी बसली. महाबळेश्वर पहिल्या पावसाला रिकामे होई. 1830 मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि 1863 मध्ये त्याच घाटातून आगगाडी वर चढली, तेव्हापासून घाट पावसात बंद राहिनासा झाला. छावणी हे नाव हळूहळू बाराही महिने एका जागी राहणाऱ्या पलटणींच्या वस्तीला चिकटले. समुद्राने तेवढी आपली वेळ सोडली नाही : 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, होड्या वाळूवर चढवलेल्या असतात, आणि कोळीवाड्यांत अजूनही नारळी पौर्णिमेची तयारी जाळी विणण्यापासून सुरू होते.