टाकी भरली की मोटार बंद: बिनतारी संच लावताना काय बघायचं

विहीर एकीकडे, टाकी दुसरीकडे. मधे केबल ओढली तर नांगरटीत तुटते, नाहीतर उंदीर कुरतडतात. म्हणून बरेच शेतकरी आता बिनतारी संच लावतात. त्यात सगळ्यात स्वस्त म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झचा. साध्या गेटच्या रिमोटमध्ये असतो तोच.

सेंडर टाकीवर, फ्लोट स्विचला जोडलेला. रिसीव्हर स्टार्टरपाशी. सेंडर हवेतून एक कोड सोडतो, कोड जुळला तर रिसीव्हरचा रिले ओढतो. एचटी १२ई या जुन्या चिपवर ८ बारीक स्विच असतात, त्यांचे कोड होतात २५६. शेजाऱ्याने तसलाच संच आणला आणि स्विच हलवलेच नाहीत, तर त्याची टाकी भरल्यावर मोटार तुमची बंद! ईव्ही १५२७ चिपमध्ये दहा लाखांवर कोड असतात, ती घ्यावी.

खोक्यावर १०० मीटर लिहिलेलं असतं, ते मोकळ्या रानातलं. मधे ओला ऊस किंवा दगडी भिंत आली की पल्ला निम्म्यावरही येतो. अँटेना म्हणजे साधी १७ सेंटीमीटर तार, सरळ उभी ठेवायची. ती गुंडाळून पत्र्याच्या स्टार्टर पेटीत कोंबली तर सिग्नल येणार कुठून? जास्त लांब असेल तर लोरा संच बघावा. त्याचा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना आहे.

खरी गोम पुढे आहे. स्वस्त संच एकतर्फी असतो, निरोप पोचला की नाही हे सेंडरला कळत नाही. रात्रीच्या लाईटीत 'बंद'चा निरोप चुकला तर टाकी वाहत राहते, विहीर उपसते आणि मोटार कोरडी फिरून जळते. म्हणून जोडणी उलटी करून घ्यावी. टाकीत जागा आहे तोवर सेंडरने दर मिनिटाला 'चालू ठेव' सांगायचं, आणि ३ मिनिटं काही आलं नाही की रिसीव्हरने मोटार पाडायची. मग सेल संपो की तार तुटो, फार तर टाकी अर्धी राहील.

स्टार्टरला ऑटो असेल तर लाईट आल्यावर तो मोटार परत उचलतो, त्यामुळे रिलेने ऑटोचीही लाईन तोडली पाहिजे. शिवाय थ्री फेज स्टार्टरची कॉइल बहुतेक ४१५ व्होल्टची, आणि संचातला रिले २५० चा. मधे योग्य कॉन्टॅक्टर वायरमनकडूनच बसवून घ्यावा.

मोटार काढायला विहिरीत उतरताना रिमोटने बंद केली एवढ्यावर विसंबू नये. मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवावेत.