मेनफ्रेम सर्व्हरवरील नेटवर्क कार्डची मांडणी : पुनर्स्थापनेविना बदलाचा इतिहास

भारतातील संगणकाच्या इतिहासात यंत्राच्या आगमनाची नोंद ठळकपणे होते. त्याच्या देखभालीची नोंद मात्र क्वचितच आढळते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला, हे सर्वज्ञात आहे. १९७८ मध्ये आयबीएमने परकीय चलन नियमन कायद्याच्या (१९७३) भागभांडवलविषयक अटी न स्वीकारता भारतातून माघार घेतली. यंत्रे मात्र येथेच राहिली आणि त्यांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक उपक्रमाकडे आली. निर्माता दूर गेल्यावर यंत्र चालू ठेवणे हीच एक स्वतंत्र विद्या ठरली. नेटवर्क कार्डची मांडणी बदलण्याचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो; तो याच विद्येचा भाग आहे.

७ एप्रिल १९६४ रोजी घोषित झालेल्या सिस्टिम/३६० मध्ये प्रत्येक उपकरण चॅनेलमार्फत जोडले जाई व क्रमांकाने ओळखले जाई. त्या उपकरणांची यादी प्रणालीनिर्मितीच्या (सिसजेन) वेळीच प्रणालीत गोवली जाई. नवे उपकरण जोडावयाचे तर ती निर्मिती, निदान तिचा आदान-प्रदानाचा भाग, पुन्हा करावा लागे. 'पुन्हा बसवा' या सल्ल्याचे मूळ येथे शोधता येते.

डिसेंबर १९९९ मध्ये आयबीएमने एस/३९० साठी लिनक्सचे सांकेतिक लेखन खुले केले आणि जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. या यंत्रावरील ओएसए कार्डास लिनक्स तीन उपकरण-क्रमांकांनी ओळखते : एक वाचनाचा, दुसरा लेखनाचा, तिसरा प्रत्यक्ष विदेचा. स्थापनेच्या पहिल्याच पायरीवर हे क्रमांक व पत्ता विचारला जाई, कारण पुढील स्थापना नेटवर्कवरूनच होत असे. उत्तरे मात्र वेगवेगळ्या फाइलींत विखुरली जात. पत्ता एका ठिकाणी, क्रमांक दुसऱ्या, चालक-प्रणाली तिसऱ्या. एक बदलून दुसरे राहिले की सर्व्हर अदृश्य होई. अनेकांना सारे पुन्हा बसविणे सोपे वाटे, यात नवल नाही.

अडचण इतकीच नव्हती. नेटवर्क तुटल्यावर दूरस्थ प्रवेश बंद होतो व झेड/व्हीएमचा कन्सोल तेवढा उरतो. हा कन्सोल ओळीओळीने चालतो. त्यावर 'व्हीआय' हा पडदाभर चालणारा संपादक चालत नाही. 'सेड' किंवा 'एड' या जुन्या ओळ-संपादकांनीच फाइल दुरुस्त करावी लागते. कालबाह्य म्हणून अभ्यासक्रमांतून वगळलेली साधने ऐनवेळी उपयोगी पडतात, ती अशी.

लिनक्स २.४ मध्ये ही मांडणी 'चॅनडेव्ह'च्या फाइलीत लिहिली जाई. डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीने प्रत्येक उपकरण 'सिसएफएस'मध्ये दृश्य केले. त्यानंतरची रीत अशी : कार्ड 'ऑफलाइन' करणे, गुणधर्म बदलणे, पुन्हा 'ऑनलाइन' करणे. स्तर-२ सारखा गुणधर्म कार्ड ऑनलाइन असताना बदलता येत नाही, म्हणून हा क्रम मोडता येत नाही. बदल तत्काळ लागू होतो, परंतु पुढील आरंभापर्यंतच टिकतो. तो कायम करण्यासाठी त्या दशकातील रेड हॅटमध्ये 'आयएफसीएफजी' फाइलीतील 'सबचॅनेल्स' ही ओळ, तर सुसेमध्ये 'हार्डवेअर' निर्देशिकेतील फाइल बदलावी लागे. सर्व्हर झेड/व्हीएमवरील आभासी असेल, तर आभासी कार्डाची नोंद वापरकर्ता-निर्देशिकेतही हवी. अन्यथा लिनक्समधील अचूक दुरुस्तीही पुढच्या लॉगऑनला निष्फळ ठरते.

या तपशिलांना तांत्रिक म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. पुनर्स्थापनेत फाइली परत येतात. परंतु वर्षानुवर्षे केलेल्या, कोठेही न नोंदविलेल्या दुरुस्त्या परत येत नाहीत, आणि तेवढा काळ सेवा बंद राहते. डहाणू तालुक्यातील सरावलीसारख्या गावातील खातेदाराचा बँकव्यवहारही दूरच्या संगणक केंद्रावर पूर्ण होतो. तेथील एक उपकरण-क्रमांक चुकला, तर त्याला खिडकीवर एवढेच कळते की आज यंत्रणा बंद आहे.