वस्तीसुरक्षा, लोटे परिसरातील

चोरी, घरफोडी, लूटमार असे गुन्हे टळावेत आणि घडल्यास लगेच उघडकीस यावेत, यासाठी रहिवाशांनी पोलिसांच्या साहाय्याने केलेली व्यवस्था म्हणजे वस्तीसुरक्षा. लोटे (ता. खेड, जि. रत्नागिरी) हे मुंबई–गोवा महामार्गावर खेड व चिपळूण यांच्या दरम्यान आहे. कारभार ग्रामपंचायतीचा असला, तरी लोटे-परशुराम औद्योगिक क्षेत्रामुळे वस्ती निमशहरी झाली आहे. जुन्या वाड्या, कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आणि महामार्गालगतची दुकाने येथे शेजारी शेजारी आहेत.

कोकणात चोरट्यांच्या नजरेत प्रथम भरते ते बंद घर. चाकरमान्यांची अनेक घरे शिमगा आणि गणपतीपुरतीच उघडतात. वाढलेले गवत, दारातला पालापाचोळा, दिवसाढवळ्या जळणारा ओटीवरचा दिवा यांवरून घर रिकामे असल्याचे कोणालाही कळते. म्हणून शेजाऱ्याने अधूनमधून अंगण झाडणे, मागील दार पाहणे आणि मालकाचा मुंबईतला फोन क्रमांक जवळ ठेवणे, हा महागड्या कुलपाइतकाच खरा उपाय आहे. दागिने अशा घरात ठेवूच नयेत.

भाड्याच्या खोल्यांचा प्रश्न वेगळा. भाडेकरूचे ओळखपत्र, छायाचित्र व मूळ पत्ता घेऊन ती माहिती पोलीस ठाण्याला देणे, हे घरमालकाचे काम. ही नोंद भाडेकरूच्याही हिताची आहे, कारण नोंद असलेल्या माणसावर उगाच संशय येत नाही. रासायनिक कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. मध्यरात्री पायी परतणारा परप्रांतीय कामगार बहुधा दुसरी पाळी संपवून आलेला असतो. लोट्यात राखण करणाऱ्याला पाळ्यांच्या वेळा माहीत असल्याच पाहिजेत. कामगारांच्या खोल्यांमधूनही राखणीला माणसे घेतली, तर अनोळखी कोण आणि शेजारी कोण हे लवकर उमगते.

गावपातळीवरचा दुवा म्हणजे पोलीस पाटील. हे पद महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार भरले जाते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये ग्रामसुरक्षा दलाची तरतूद आहे. दलाच्या गस्तीची पोलिसांना आधी कल्पना असावी आणि गस्त घालणाऱ्यांची नावे ठरलेली असावीत.

गस्तीचा सर्वांत मोठा धोका अफवेचा असतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर असल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी मेलेली माणसे निरपराध होती, आणि जमावातल्या अनेकांना आपण गाव राखतो आहोत असेच वाटत होते. त्यामुळे मोबाइलवर आलेला ‘टोळी फिरते आहे’ असा संदेश पोलिसांकडून खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नये.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा आपल्या समक्ष करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो; मात्र विनाविलंब, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. मारहाणीचा अधिकार कोणालाच नाही. नुसता संशय असेल तर ११२ क्रमांकावर कळवावे. वाहनाचा क्रमांक, ते कोणत्या दिशेने गेले, किती माणसे होती आणि जवळची ओळखीची खूण (एखादी कमान, बसथांबा, कारखान्याचे फाटक) एवढे सांगितले तरी पोलिसांचा वेळ वाचतो.

घरफोडी झाल्यावर शेजारी गोळा होतात, कपाट उघडून पाहतात आणि बोटांचे ठसे पुसले जातात. पोलीस येईपर्यंत घराबाहेर थांबावे. नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. मुंबईत असलेला मालक ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही कळवू शकतो. तीन दिवसांत स्वाक्षरी केली की तिची नोंद होते. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी.