खंजिरी आणि लोकसमुदाय

गायकाचें यश कंठाच्या गोडीवरून मोजण्याची रीत जुनी आहे. परंतु गाणें संपल्यावर श्रोते काय करूं लागले, ही कसोटी त्याहून कठीण होय. वर्धा जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासांत या कसोटीस उतरलेला लोकप्रिय गायक म्हणजे तुकडोजी महाराज.

अमरावती जिल्ह्यांतील यावली गांवीं ३० एप्रिल १९०९ रोजीं त्यांचा जन्म झाला. मूळ नांव माणिक. वरखेडच्या आडकोजी महाराजांनीं त्यांस ‘तुकड्या’ हें नांव दिलें. शालेय विद्या अल्पच लाभली. परंतु मराठी व हिंदी या दोन्ही भाषांतील पदरचनेची शक्ति आणि हातांतील खंजिरी एवढें भांडवल त्यांना पुरेसें झालें. खंजिरी हें वाद्य अगदींच लहान : एका बाजूस चामडें ताणलेलें कडें व त्यांत बसविलेल्या धातूच्या चकत्या. तबलापेटीची बैठक नको, साथीदारांचा ताफा नको. एका हातांत धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनीं ती वाजवीत गायक समुदायाशीं सरळ बोलूं शकतो. नागपूरचें नभोवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. तत्पूर्वींच विदर्भाच्या खेडोपाडीं या एवढ्याशा वाद्यानें सहस्रावधि माणसें एकत्र आणिलीं होतीं.

१९३५ सालीं मोझरी येथें त्यांचा गुरुकुंज आश्रम स्थापन झाला. पुढील वर्षीं महात्मा गांधींनीं त्यांस वर्ध्याजवळील शेगांवीं बोलाविलें. हेंच गांव १९४० पासून सेवाग्राम म्हणून ओळखलें जाऊं लागलें. तेथें त्यांचा मुक्काम सुमारें एक महिना होता. आश्रमाची प्रार्थना संथ, तर तुकडोजींचें भजन आवेशाचें. रीति भिन्न असल्या तरी ग्रामसफाई, अस्पृश्यतानिवारण, सर्वधर्मसमभाव हे विषय मात्र दोहोंकडे एकच.

पुढें १९४२ चा ऑगस्ट आला. १६ तारखेस वर्धा जिल्ह्यांतील आष्टी व चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथें जनतेचा उठाव झाला. दोन्ही बाजूंचे प्राण गेले. तुकडोजींच्या भजनांनीं हा भाग चेतविला, असा सरकारचा ग्रह झाला आणि त्याच महिन्यांत चांद्यास त्यांना अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत राहून ते डिसेंबरांत सुटले. गायकास कोंडून सत्तेनें त्याच्या गाण्याचें सामर्थ्यच कबूल केलें. पण त्यांतून एक अवघड प्रश्नहि उभा राहिला : समुदाय जागा करणें गायकाच्या हातीं असतें, जागा झालेला समुदाय कोठें जाईल, हें सर्वस्वीं त्याच्या हातीं असतें काय?

तुकडोजींच्या उत्तरायुष्यांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या द्वारें त्यांनीं गांवोगांवीं सामुदायिक प्रार्थनेची शिस्त घातली, आणि ४१ अध्यायांच्या ‘ग्रामगीते’ंत जागृतीनंतर करावयाचें काम मांडलें : स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, श्रम, ऐक्य. १९५५ सालीं जपानमधील विश्वधर्म परिषदेसहि ते गेले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं मोझरीस त्यांचें देहावसान झालें. शाळा फारशी न शिकलेल्या या गायकाचें नांव २००५ सालीं नागपूर विद्यापीठास देण्यांत आलें.

श्रोत्यांनीं केवळ मान डोलवावी, एवढ्यावर ते कधींच संतुष्ट नव्हते. भजन संपतें तेथें श्रोत्याचें काम सुरू होतें, हेंच या चरित्राचें मर्म होय.