हिवताप, सर्दी आणि बंद मैदान

आमच्याकडे पावसाला ‘पाणी’ म्हणतात आणि तो पुल्लिंगी असतो. ‘पाणी आला!’ अशी आरोळी उठली की अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरूडमधले शाळेचे मैदान दोन मिनिटांत ओस पडते. पाठोपाठ ठरलेले वाक्य कानावर येते, ‘भिजू नोको रे बाप्पा, सर्दी होईन.’ जुलै ते सप्टेंबर हे असे चालते. डिसेंबर लागला की पावसाची जागा गारठा घेतो. सकाळची कवायत बंद होते आणि कानटोपी घातलेली पोरे खिडक्या लावलेल्या वर्गात बसून राहतात. फेब्रुवारीत परीक्षेची धास्ती, मार्चपासून ऊन. मग एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, चौकाचौकांत उन्हाळी क्रीडा शिबिरांचे फलक लागतात. थंडी-पावसाच्या भीतीने घरात ठेवलेल्या लेकरांना खेळायला आपण नेमका वऱ्हाडातला सर्वांत क्रूर ऋतू काढून देतो.

थंडी-पावसात मुलांना मैदानावर नेऊ नये, हे मत मला चुकीचे वाटते. पण त्यामागे माया आहे, अनुभव आहे आणि ग्रंथाधारही आहे. तेव्हा आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो.

पहिला आधार डोळ्यांदेखतच्या अनुभवाचा. पोरगा भिजून आला, रात्री कुडकुडला, सकाळी नाक वाहू लागले. हे ज्या आईने दहा वेळा पाहिले तिला पुस्तकातला पुरावा कशाला दाखवायचा? दुसरा आधार आयुर्वेदाचा. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानात वर्षाऋतूत टाळायच्या गोष्टी दिल्या आहेत, त्यांत नदीचे पाणी, दिवसाची झोप आणि ऊन यांच्या जोडीला ‘आयास’ म्हणजे शरीरश्रमही आहेत. शिवाय व्यायाम कोणी करू नये हे सांगताना अजीर्णाचा रोगी आणि वृद्ध यांच्या रांगेत त्याने ‘बाल’ही बसवला आहे. तिसरा आधार परदेशातला, पण खरा. मार्च १९६४ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर भागातल्या डोंगरपठारावर ‘फोर इन्स’ नावाच्या पायी स्पर्धेत तीन तरुण स्काउट पाऊस-वाऱ्यात गारठून मेले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी त्या घटनेचा अभ्यास केला. भिजलेल्या कपड्यांची ऊब वाऱ्यात किती झपाट्याने नाहीशी होते, हे त्यांनी मोजून दाखवले. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि वजनाच्या मानाने लहान मुलाच्या अंगाचा पृष्ठभाग मोठ्या माणसापेक्षा जास्त असल्याने मूल लवकर गार पडते.

हा पक्ष लेचापेचा नाही. तरी तो टिकत नाही.

आईच्या अनुभवापासून सुरुवात करतो, कारण मतभेदाचे मूळ तिथेच आहे. ‘सर्दी’ हा शब्द आपल्याला आधीच निकाल देऊन ठेवतो. फारसीत ‘सर्द’ म्हणजे थंड. आजाराच्या नावातच कारण कोरलेले, मग चौकशी कोण करणार? अशीच फसगत आपली ‘हिवतापा’ने केली होती. हिव भरते म्हणून हिवताप. थंडी बाधली, दलदलीची हवा बाधली, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात त्या रोगाचा परजीवी सापडला, तेव्हा कळले की हिव हे रोगाचे लक्षण आहे, कारण नव्हे. सर्दीतही तेच घडते. तिचा विषाणू शरीरात शिरल्यापासून नाक वाहेपर्यंत साधारण एक ते तीन दिवस जातात. आज दुपारी भिजलेले पोर आज रात्रीच शिंकू लागले, तर विषाणू काल-परवाच शिरलेला असतो, आणि बहुधा वर्गातल्या बाकावर. त्याला वाजलेली थंडी ही पावसाची नसून चढू पाहणाऱ्या तापाचीही असू शकते.

आता ऋतू पाहा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे पावसाचा जोर धरणे आणि दोन महिने विखुरलेली शेकडो मुले एका छताखाली दाटीने बसणे या दोन गोष्टी आमच्याकडे जवळपास एकाच आठवड्यात घडतात. वाछट येते म्हणून खिडक्या लावल्या जातात. भारताच्या बऱ्याच भागात इन्फ्लुएन्झाची साथही पावसाळ्यातच वर येते. या सगळ्याचा दोष आपण एकट्या पावसावर टाकतो, आणि उपाय म्हणून मुलांना त्याच कोंदट खोलीत आणखी तासभर बसवतो.

भिजल्याने किंवा गारठल्याने सर्दी होते का, याची परीक्षा झालेली आहे. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ १९४६ पासून सर्दीवरच काम करणारे एक संशोधन केंद्र चाळीसहून अधिक वर्षे चालले. तिथे स्वयंसेवकांना आंघोळीनंतर ओलेत्याने वाऱ्याच्या बोळात उभे केले, ओले मोजे घालून बसवले. त्यांना सर्दी इतरांपेक्षा जास्त झाली नाही. अमेरिकेत १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विषाणू नाकात सोडलेल्या माणसांना थंड हवेत आणि थंड पाण्यात ठेवले, तरी निष्कर्ष तोच निघाला.

उलट पुरावाही सांगितला पाहिजे. २००५ मध्ये वेल्समधल्या कार्डिफला १८० जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी गार पाण्यात वीस मिनिटे पाय बुडवून ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत त्या ९० पैकी १३ जणांनी सर्दी झाल्याचे सांगितले. कोरड्या गटातल्या ९० पैकी ५ जणांनी. फरक आहे, आणि मी तो नाकारत नाही. पण ते लोक धावत नव्हते, खुर्चीत बसून होते. त्यांच्यात विषाणू होता की नव्हता हे तपासलेले नव्हते. त्यांनी सांगितले ते नोंदवले गेले. शिवाय ९० पैकी ७७ जणांनी तशी तक्रार केलीच नाही. या आकड्यांवर अख्खा पावसाळा मैदान बंद ठेवणे मला पटत नाही.

मुळात ‘थंड आणि ओले’ ही जोडी आमची नाही. ती विलायतेची आहे, जिथे हिवाळ्यात पाऊस पडतो तेव्हा पारा बहुधा पाच-सात अंशांवर असतो. वरूडला ऑगस्टच्या झडीतही दिवसाचे तापमान पंचवीस-अठ्ठावीसच्या खाली फारसे जात नाही. आणि जानेवारीत, पहाटेचा पारा बारा-तेरावर, थंडीच्या लाटेत क्वचित दहाच्या खाली येतो तेव्हा आकाश निरभ्र असते. सातपुड्यावरून गार वारा उतरतो, पण नऊ वाजता ऊन अंगाला लागते. पाऊस आणि थंडी आमच्याकडे एकत्र येतात ती अवकाळीच्या दिवसांत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली राज्यभरची गारपीट इथले संत्र्याचे बागाईतदार विसरलेले नाहीत. तसे दिवस वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या दिवशी मैदान बंदच ठेवावे.

राहिला वाग्भट. त्याला पुढे करायचे तर पुरता करावा. त्याच सूत्रस्थानात तो सांगतो की बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने शीतकाळात आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, एरवी त्याहून कमी. हेमंतात तर तो कुशल मल्लांशी कुस्ती खेळायला सांगतो. म्हणजे डिसेंबरची कवायत बंद करणाऱ्याला त्याच्याकडे थारा नाही. वर्षाऋतूतला निषेध खरा आहे. त्याचे कारण त्याने त्या काळात मंद होणाऱ्या जठराग्नीत पाहिले. आणि ‘बाल’ म्हणजे कोण? सुश्रुताने सोळा वर्षांखालच्यांना बाल म्हटले आहे. ते शब्दशः पाळायचे तर दहावीपर्यंतच्या मुलाने मे महिन्यातही धावू नये आणि ऑक्टोबरमध्येही. हे कोणीच पाळत नाही. ग्रंथातले एक वाक्य पावसाळ्यापुरते उचलणे ही निवड आपली आहे, वाग्भटाची नव्हे.

आपल्या आखाड्यांनी या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले होते. कुस्त्यांचा मोठा दिवस नागपंचमीचा, म्हणजे ऐन श्रावणातला. आखाड्याने पावसात व्यायाम थांबवला नाही. त्याने हौदावर छप्पर घातले, माती कोरडी ठेवली, लंगोट बदलायला लावला, अंग चोळून घेतले. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत उभ्या केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखवले, ते याच परंपरेचे वारस. त्या जिल्ह्यात आपण चार थेंब पडले की शिट्टी वाजवून मुलांना आत घेतो.

आणि घरच्यांनाही ही भीती सगळीकडे वाटते असे नाही. तान्ह्या पोळ्याला पोरे रिमझिमीत लाकडी बैल घेऊन बोजारा म्हणून खाऊ-पैसे मागत दारोदार फिरतात, तेव्हा कौतुक होते. निंदणाच्या दिवसांत वावरात हात कमी पडले की बारा वर्षांची मुलगी दिवसभर भिजते, तेव्हा कोणी सर्दीचे नाव काढत नाही. ओल्या जमिनीत सळई रुतवत जायचा खेळ तर पावसाशिवाय होतच नाही.

याच्या विरुद्ध टोकाला दुसरा एक पक्ष आहे: ‘आम्ही नाही का भिजलो, काय झालं आमाले?’ हा पक्ष मला पहिल्याहून घातक वाटतो. ज्यांना काही झाले ते हे सांगायला आज समोर नाहीत. आणि काही मुलांना गारठा खरोखरच जिवावर बेततो. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे नाव घरोघरी ऐकू येते. तो आजार असलेल्या मुलाला थंडी, ओल किंवा पाण्याची कमतरता झाली तर रक्तपेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटावीत अशा वेदना सुरू होतात. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे आणि तपासणी सरकारी दवाखान्यांत होते. ती न करता सगळ्यांना सरसकट पावसात पळवणारा शिक्षक आणि सगळ्यांना सरसकट घरात ठेवणारा शिक्षक, दोघांनीही मूल पाहिलेले नसते. दम्याच्या मुलाचेही तसेच: कोरड्या गार हवेत त्याची छाती भरते, पावसाळी दमट हवेत धावणे त्याला अनेकदा त्यामानाने सोपे जाते. त्याच्यासाठी जानेवारीची पहाट टाळावी आणि दहाचे ऊन धरावे.

आपली भीती चुकीच्या जागी आहे याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते विजेमुळे. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांवर ती झाडाखालीच कोसळते. मैदानावर काय होते? थेंब पडताच मुलांना ‘भिजू नका’ म्हणून कडेच्या कडुनिंबाखाली पिटाळले जाते. सर्दी टाळायला आपण त्यांना नेमके तिथे उभे करतो जिथे उभे राहू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग खेळ थांबवून पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजेची सूचना देते. ते प्रत्येक क्रीडाशिक्षकाच्या मोबाइलमध्ये असायला हवे. वीज नसलेली नुसती सर असेल तर खेळ चालू राहू द्यावा.

दुसरा खरा धोका जमिनीचा. आमची काळी माती ओली झाली की फुगते, बुटाला किलोभर चिकटते आणि तिच्यावर वळताना गुडघा मुरगळतो. वरूडच्या माणसाला यावरचा इलाज शिकवायची गरज नाही. संत्र्याच्या खोडाशी पाणी साचले की डिंक्या रोग लागतो, हे इथले शेंबडे पोरही जाणते. म्हणून बागेत चर काढतात. बागाईतदार त्यासाठी पाऊस बंद करा म्हणत नाही. झाड आणि मूल एक नव्हे, आणि उपमा म्हणजे पुरावा नव्हे. पण मैदानाला मात्र तोच नियम लागू पडतो: मध्ये उंच, कडेला उतार, वर मुरूम आणि भोवती चर. बागेला जेवढी अक्कल लावली तेवढी शाळेच्या मैदानाला लावली असती तर निम्मा वाद उरला नसता.

‘फोर इन्स’च्या त्या तीन तरुणांकडून घ्यायचा धडाही इथेच बसतो. धावणारे शरीर स्वतःची ऊब तयार करते; घात होतो थकून, भिजून, वाऱ्यात थांबल्यावर. तालुक्याच्या शालेय स्पर्धा बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. जरूड, पुसला, बेनोडा, शेंदूरजना घाट इथून पोरे येतात. नऊ वाजता कबड्डीचा सामना खेळून चिंब झालेला संघ पुढच्या फेरीसाठी दोन वाजेपर्यंत त्याच एका गणवेशात पत्र्याखाली बसतो, आणि संध्याकाळी उघड्या टेम्पोतून वारा खात गावी परततो. राखीव खेळाडू तर एकदाही न धावता दिवसभर भिजतो. आजारी पडलाच तर तो या पाच तासांनी पडेल. प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा सदरा, एक पंचा, सामना संपताच कपडे बदलण्याची सक्ती, गरम चहा आणि गूळ-फुटाणे, एवढी तयारी कोणत्याही शाळेला झेपते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. सर आली की पहिल्यांदा त्यांचा खेळ थांबतो आणि कारण सर्दीचे सांगितले जाते. खरे कारण पुष्कळदा अंगाला चिकटलेले ओले कपडे आणि भोवती उभे असलेले लोक हे असते, आणि बदलायला आडोसा नसतो. त्या लाजेला आजाराचे नाव दिले की उपाय करायची जबाबदारी कोणावरच राहत नाही. गडद रंगाचा, जाड कापडाचा गणवेश द्यावा. आणि स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या दोन खोल्यांची कुलपे काढून ठेवावीत, त्यातली आतून कडी लागणारी मुलींना द्यावी.